एका आचेवरची दोन ताटे

रमजान लागला की पुंडलिकनगरातल्या एका इमारतीत पहाटे साडेचारला दोन स्वयंपाकघरांत दिवे लागतात. तळमजल्यावरचा दिवा सहरीचा असतो. पहिल्या मजल्यावरचा दिवा आजींच्या नित्यनेमाचा. आजी माळकरी आहेत. आंघोळ, तुळशीला पाणी आणि नामस्मरण आटोपल्याशिवाय त्या चहासुद्धा घेत नाहीत. वर्षाचे अकरा महिने या इमारतीत सर्वांत आधी त्याच उठतात. रमजानच्या एका महिन्यात मात्र खालच्या भाभी त्यांच्याही आधी उठतात आणि आजींना त्याची गंमत वाटते. 'या महिन्यात माझा पहिला नंबर जातो,' असे त्या जिन्यात भेटेल त्याला सांगतात.

छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेड्याच्या अंगाची ही वस्ती नोकरदार आणि कष्टकरी कुटुंबांची आहे. नळाला पाणी कधी येणार, हा इथला सर्वधर्मीय विषय. वरच्या आणि खालच्या घराची ओळखही पाण्याच्या मोटरीवरूनच झाली आणि मग वाढत गेली. वर आजी, त्यांचा मुलगा आणि आखाती देशातल्या एका रुग्णालयात काही वर्षे परिचारिका म्हणून काम करून परतलेली सून. खाली भाभी, त्यांचे पती आणि बारावीला बसलेली मुलगी. भाभी सुनेला 'ताई' म्हणतात, मुलगी तिला 'मावशी' म्हणते, आणि आजी सगळ्यांच्याच आजी.

गेली काही वर्षे रमजान आणि बारावीची परीक्षा हातात हात घालून येत आहेत. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन थांबला आहे. बोर्डाच्या परीक्षेचेही हेच दिवस. भाभींच्या मुलीने यंदा एकही रोजा सोडायचा नाही असे ठरवले होते. अडचण एकच होती. पहाटे तिच्या घशाखाली काही उतरत नव्हते. आदल्या रात्रीचे सालन नको, पराठा नको, खिचडी नको. दुधात बुडवलेली थोडी फेणी आणि कपभर चहा, एवढ्यावर ती दिवस काढायची. तिसऱ्या रोज्याला दुपारी सराव पेपर सोडवताना तिला भोवळ आली. भाभी घाबरल्या आणि थेट वर गेल्या.

ताईंनी आधी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, मग चार प्रश्न विचारले. त्यांचे म्हणणे सरळ होते. 'फेणी आणि साखरेचा चहा दोन तासांत उतरतो. नंतर अंगात काही राहत नाही. पहाटे थोडं खा, पण टिकेल असं खा. अंडं खा, भाजी खा, पाणी नीट पी. आणि पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली तर रोजा सोडायचा, हट्ट करायचा नाही.' भाभींनी मान डोलावली. आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज्यातून सवलत आहे आणि राहिलेले रोजे पुढे सवडीने पूर्ण करता येतात, हे त्यांनी मुलीला पुन्हा एकदा समजावले. पण प्रश्न खाण्याचा होता. उकडलेल्या अंड्याचा मुलीला वास येई. आम्लेट खाल्ले की तिला तहान लागे, कारण ते तिखट-मीठ घातलेले आणि तेलात तळलेले असे.

'मग मी तुला आतेचं वांगं करून देते,' ताई म्हणाल्या.

कुणाची आते?

ही 'आते' मराठीतली आत्या नव्हे. फिलिपिन्समध्ये थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. आखातातल्या रुग्णालयांत भारतीय आणि फिलिपिनो परिचारिका मोठ्या संख्येने खांद्याला खांदा लावून काम करतात. ताईंच्या खोलीत राहणारी सहकारी मिंदानाओ बेटावरची, वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची आते. फोनवर 'आतेने जेवण केलंय' असे ऐकल्यावर आजींनी इकडून विचारले होते, 'अगं, आपली आत्या तिकडे कधी गेली?' तो विनोद घरात अजून चालतो.

मिंदानाओ हे फिलिपिन्सच्या दक्षिणेचे मोठे बेट. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश बहुसंख्य ख्रिस्ती आहे, पण त्याच्या दक्षिण टोकाला मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. तावी-तावी प्रांतातल्या सिमुनुल बेटावरच्या मशिदीची परंपरा १३८० पर्यंत मागे नेली जाते, म्हणजे स्पॅनिश लोक तिथे पाय रोवण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी. स्पेनमधल्या मुस्लिमांना 'मोरो' म्हणायची स्पॅनिशांना सवय होती. तेच नाव त्यांनी इथल्या मुस्लिमांना चिकटवले आणि पुढे त्या लोकांनी ते स्वतःचे म्हणून स्वीकारले. आज तिथे ईदुल फित्र आणि ईदुल अज्हा या दोन्ही दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

ताईंची आते मुस्लिम होती. रमजानमध्ये ती पहाटे उठून वसतिगृहाच्या एका शेगडीवर वांगी भाजायची, फेटलेल्या अंड्यात बुडवायची आणि तव्यावर परतून गरम भाताबरोबर खायची. रात्रपाळी करून आलेल्या ताईंच्या पुढेही एक बशी सरकवायची. या पदार्थाचे नाव तोर्तांग तालोंग. 'तालोंग' म्हणजे वांगे आणि 'तोर्ता' हा स्पॅनिशांनी मागे ठेवलेला शब्द. स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत त्या बेटांवर राज्य केले. राज्य गेले, पण स्वयंपाकघरातले शब्द राहिले. अंड्यात घालून परतलेल्या पदार्थाला फिलिपिन्समध्ये आजही तोर्ता म्हणतात. श्रीमंत-गरीब, ख्रिस्ती-मुस्लिम सगळ्यांच्या घरी होणारा हा रोजचा, स्वस्त, पोटभरीचा पदार्थ आहे.

भाजायचे वर, तळायचे खाली

अडचण पुंडलिकनगरात होती. आजींच्या स्वयंपाकघरात अंडे येत नाही. ताई आणि त्यांचे पती अंडी खातात, पण बाहेर. घरातली ही शिस्त कुणी कुणावर लादलेली नाही. आजींच्या गळ्यात माळ आहे आणि ओटा आजींचा आहे, एवढे सर्वांना पुरते. तेव्हा सोपा मार्ग निघाला. वांगी वर भाजायची आणि सोलून खाली द्यायची. अंड्याचे काम भाभींच्या तव्यावर.

यात एक फायदा झाला. वांगे भाजण्यात आजींचा हात धरणारे कुणी नव्हते. त्यांचे माहेर खानदेशातले. तिकडे भरिताचे वांगे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुऱ्यांबरोबर खातात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गॅसच्या आचेला आजी नाक मुरडतात, पण भाजताना हयगय करत नाहीत.

पहिल्या दिवशी ताईंनी आणलेली मोठी गोल वांगी आजींनी परत पाठवली. गोल वांगे भरिताला छान, कारण ते शेवटी कुस्करायचेच असते. इथे वांगे अखंड राहायला हवे. त्याला लांबट, सडपातळ, कमी बियांचे, हाताला हलके लागणारे वांगे लागते. देठ हिरवा आणि घट्ट हवा, कारण तो देठच पुढे मुठीसारखा धरायचा असतो.

चार माणसांसाठी चार लांब वांगी, चार अंडी, चवीपुरते मीठ, थोडी मिरपूड आणि दोन-तीन चमचे तेल, एवढेच साहित्य. वांगी धुऊन कोरडी करायची. देठ काढायचा नाही. सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी टोचायचे, नाहीतर आतली वाफ वांगे फोडते. मग मध्यम आचेवर थेट गॅसवर किंवा जाळीवर ठेवून फिरवत राहायचे. आठ-दहा मिनिटांत साल काळी पडते, सुटू लागते आणि वांगे मधोमध लुळे पडते. चिमट्याने उचलल्यावर ते दोन्ही बाजूंनी वाकले पाहिजे. आजींची खूण वेगळी आहे. देठाजवळून रसाचा थेंब आचेवर पडून चुर्र वाजला की झाले. देठाजवळचा भाग कच्चा राहतो, म्हणून तिथे जास्त वेळ द्यायचा.

भाजलेली वांगी पातेल्यात घालून दहा मिनिटे झाकण ठेवायचे. स्वतःच्याच वाफेत साल सैल होते आणि बोटांनी अलगद निघते. इथे नव्याने करणाऱ्यांची एक चूक हमखास होते. काळे कण धुवायला ते वांगे नळाखाली धरतात. त्या पाण्याबरोबर धुराचा सगळा वास वाहून जातो. हात ओला करून कण पुसून घ्यावेत, एखादा राहिला तर राहू द्यावा.

पुढचे काम खालच्या मजल्यावर. सोललेले वांगे ताटलीत ठेवून, देठ एका हाताने धरून, काट्याने दाबत पंख्यासारखे पसरवायचे. ते साधारण अर्धा बोट जाडीचे, पानाच्या आकाराचे होते. खोलगट बशीत अंडी मीठ-मिरपूड घालून फेटायची. देठाला धरून वांगे त्यात बुडवायचे, वरूनही चमच्याने अंडे घालायचे आणि देठासकट गरम तव्यावर सोडायचे. बशीत उरलेले अंडे वांग्यावरच ओतायचे. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटांत खालची बाजू सोनेरी होते. उलटताना उलथने खाली सरकवून देठाला आधार द्यायचा. दुसरी बाजू झाली की उतरवायचे.

कच्चे वांगे तेलात टाकले तर ते स्पंजासारखे तेल पिते. आधी भाजले की त्याच्या आतल्या पोकळ्या मिटतात आणि तेल कमी लागते. सहरीला कमी तेलाचा, कमी मिठाचा, तिखट नसलेला पदार्थ बरा, कारण दिवसभर तहान लागत नाही. वांग्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो आणि एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत एक भाकरी किंवा वाटीभर भात, वाटीभर दही आणि दोन पेले पाणी. ताईंनी आखलेली सहरी ती एवढीच. वांगी रात्री भाजून, सोलून फ्रिजमध्ये ठेवली तर पहाटेचे काम दहा मिनिटांचे उरते. अजानला पंधरा मिनिटे असताना उठणाऱ्यांनाही ते जमते.

चौथ्या रोज्याला मुलीने अर्धे वांगे खाल्ले. पाचव्याला अख्खे.

बगदादपासून बनोटीपर्यंत

वांगे भाजून खाण्याची युक्ती एका देशाची नाही. वांगे मूळचे आशियातले, आणि त्याच्या नावाने जेवढा प्रवास केला तेवढा भल्याभल्या मुसाफिरांनी केला नसेल. संस्कृतातल्या 'वातिंगण'चे फारसीत 'बादिंगान' झाले, अरबीत 'बादिंजान'. अरबांबरोबर हा शब्द स्पेन-पोर्तुगालला पोहोचला. पोर्तुगीजांनी त्याचे 'बेरिंजेला' केले आणि ते जहाजातून पुन्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणले. त्यावरून इथल्या इंग्रजांच्या तोंडी 'ब्रिंजल' रुळला. म्हणजे घरचा शब्द जग फिरून घरी परतला, तोवर घरच्यांनी त्याला ओळखलेच नाही.

अब्बासी काळातल्या बगदादमध्ये वांग्याच्या पदार्थांना खलिफा अल-मामूनच्या बेगमेचे, बूरानचे नाव मिळाले. आजही इराण-अफगाणिस्तानात 'बोरानी' या नावाने दह्यातले वांगे खाल्ले जाते. इराणच्या कास्पियन किनाऱ्यावरच्या गिलान प्रांतात मिर्झा कासिमी नावाचा पदार्थ होतो. त्यात भाजलेले वांगे, भरपूर लसूण, टोमॅटो आणि शेवटी फोडलेले अंडे. फिलिपिन्सच्या तोर्ताचा तो दूरचा भाऊच म्हणावा. फरक इतकाच की तिथे वांगे कुस्करतात आणि इथे अखंड ठेवतात.

खानदेशाच्या वाटेवर, सोयगाव तालुक्यातल्या बनोटीच्या बाजूला गेले तर भरीत हाच सोहळा असतो. आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांत वांग्यालाही स्वतःचा उपवास असतो. चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर वांगेही वर्ज्य. ते सुटते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. चार महिने समोर असलेली, बाजारात ढिगाने दिसणारी भाजी खायची नाही आणि मग एका दिवशी देवापुढे ठेवून ती पुन्हा सुरू करायची. आजींना रोजा समजावून सांगावा लागला नाही, तो यामुळेच. 'समोर असून न खाणं म्हणजेच नेम. नसताना उपाशी राहणं याला गरिबी म्हणतात,' असे त्या म्हणाल्या तेव्हा भाभींनी ते वाक्य आपल्या पतीला मुद्दाम ऐकवले.

अळी, औषध आणि जालना

वांगी आणायचे काम भाभींच्या दिरांकडे आहे. त्यांचा औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत गाळा आहे. सहरी करून ते जाधववाडीच्या बाजार समितीत माल घ्यायला जातात. आजींनी त्यांना पहिल्याच आठवड्यात जिन्यात अडवून विचारले, 'बाबा, अख्खं वांगं भाजायचं, चिरून बघता येत नाही. आत अळी असली तर?'

प्रश्न अगदी बरोबर होता. भाजीसाठी वांगे चिरताना किडके बाजूला काढता येते. अखंड भाजायचे तर बाहेरून ओळखावे लागते. दिरांनी सांगितलेल्या खुणा अशा. सालीवर, विशेषतः देठाखालच्या टोपीजवळ, टाचणीएवढे छिद्र दिसते का पाहावे. छिद्राशी भुशासारखी विष्ठा असेल तर ते वांगे घेऊ नये. एकीकडून दाबून मऊ लागले तर ठेवून द्यावे. शंका असेल तर भाजण्याआधी टोकाकडून देठापर्यंत एक उभी चीर द्यावी, देठ जोडलेला ठेवावा आणि आत डोकावून पाहावे. तोर्ताचा आकार त्याने बिघडत नाही.

पण खरे उत्तर त्यांनी नंतर दिले. 'आजी, ज्या वांग्याला छिद्र नाही, त्यावर फवारणी किती झाली तेही विचारायला पाहिजे. गिऱ्हाईक चमकदार माल उचलतं. शेतकरी मग काय करणार?'

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा सर्वांत मोठा शत्रू. अंड्यातून बाहेर आल्यावर ती थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत गेली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो, कधी तोडणीच्या तोंडावरही. ही अळी मराठवाड्यातही आहे आणि फिलिपिन्समध्येही. आतेच्या तोर्ताचे वांगे आणि आजींच्या भरिताचे वांगे एकाच किड्याच्या तोंडी आहे.

या किड्याची गोष्ट पुंडलिकनगरापासून साठेक किलोमीटरवरच्या जालन्यातून जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या कंपनीने मातीतल्या एका जिवाणूचे जनुक वांग्यात घालून बीटी वांगे तयार केले. ते खाल्ल्यावर ही अळी मरते, म्हणून फवारणी कमी लागेल, हा त्यामागचा दावा. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. देशभर वाद पेटला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह अनेक शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यावर स्थगिती आणली. ती स्थगिती उठलेली नाही.

जालन्यातले हे तंत्रज्ञान मात्र सीमेपलीकडे गेले. बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजुरी दिली आणि २०१४ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांना रोपे वाटली. फिलिपिन्समध्ये लोस बान्योस इथल्या विद्यापीठाने चाचण्या घेतल्या. तिथेही शेतकरी संघटना आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चाचण्या थांबवल्या, पुढच्याच वर्षी स्वतःचा निकाल फिरवला. २०२२ मध्ये लागवडीला परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती पुन्हा रोखली. एका बाजूचे म्हणणे, फवारणीचे विष कमी होईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, दीर्घकाळाच्या परिणामांची पुरेशी तपासणी झालेली नाही आणि बियाणे शेतकऱ्याच्या हातातून जाईल. भारत ही वांग्याच्या विविधतेची भूमी. इथल्या शेकडो स्थानिक वाणांचे काय होईल, हा प्रश्न २०१० च्या निर्णयातही होता.

हा वाद मिटेपर्यंत वांगी खायची थांबत नाहीत आणि अळीही थांबत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली कामेही आहेतच. किडलेले शेंडे आणि फळे खुडून नष्ट करणे, शेतात कामगंध सापळे लावणे, फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले अंतर पाळणे. पण यासाठी मजुरी लागते आणि थोडी डागाळलेली वांगीही विकली जावी लागतात. ते काम गिऱ्हाइकाचे. इस्लाममध्ये अन्न हलाल असावे तसे तय्यब, म्हणजे निर्मळ असावे अशी अपेक्षा आहे. हलालचा शिक्का आपण दुकानात पाहतो, तय्यबची चौकशी सहसा करत नाही. भाभींच्या दिरांनी यंदा एक छोटी गोष्ट केली. फुलंब्रीकडच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून कमी फवारलेली, जरा वेडीवाकडी वांगी वेगळी आणून वेगळ्या टोपलीत ठेवली. सगळी खपत नाहीत. पण इमारतीतली दोन घरे तरी त्याच टोपलीतून घेतात.

केळ्याचा सॉस आणि खिम्याचे वांगे

फिलिपिन्समध्ये तोर्ताबरोबर केळ्यापासून केलेला गोड-आंबट सॉस खातात. त्याचे श्रेय मारिया ओरोसा या अन्नरसायनशास्त्रज्ञ बाईंना दिले जाते. टोमॅटोची टंचाई आणि केळ्यांची रेलचेल असलेल्या आपल्या देशात परदेशी सॉसवर पैसे का घालवायचे, हा त्यांचा विचार. १९४५ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. ताईंनी तो सॉस इथे जळगावच्या केळ्यांचा केला. बारीक कांदा, लसूण आणि आले थोड्या तेलात परतायचे. त्यात दोन पिकलेली केळी कुस्करून घालायची. मग अर्धी वाटी व्हिनेगर, दोन चमचे साखर किंवा गूळ, मीठ, चिमूटभर मिरपूड, चमचाभर लाल तिखट आणि लागेल तसे पाणी. दहा-पंधरा मिनिटे मंद आचेवर शिजवून घोटायचे. रंग तपकिरी येतो, कारण बाजारातल्या सॉसचा लाल रंग वरून घातलेला असतो. आजींनी तो चाखून पाहिला आणि 'हे शिकरणाचं लोणचं झालं' असा निकाल दिला, पण बाटलीतला अर्धा सॉस वरच राहिला.

इफ्तारसाठी याचाच जडसर प्रकार होतो. पसरवलेल्या वांग्यावर शिजवलेला खिमा ठेवून त्यावर अंडे ओततात. फिलिपिन्समधली ख्रिस्ती घरे बहुधा डुकराचा खिमा वापरतात, तिथली मुस्लिम घरे कोंबडीचा किंवा इतर हलाल मांसाचा. भाभी मटणाचा खिमा आले-लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून कोरडा करतात. खिमा ओला राहिला तर अंडे त्याला धरत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशी तवा खरवडताना शिकून घेतले. नान-खलिया, हलीम आणि कबाबांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या इफ्तारमध्ये मिंदानाओचे एक ताट असे येऊन बसले.

आणि वर? भाजलेल्या चार वांग्यांत पाचवे नेहमी आजींचे असते. ते खाली जात नाही. त्याचे भरीत होते, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून. एकाच आचेवरून उतरलेली वांगी जिन्यात वेगळी होतात, अर्धी अंड्यात जातात आणि एक बडगीत. कुणाला कुणाचा नेम मोडावा लागत नाही.

नाथषष्ठीही सध्या रमजानमध्येच येते. आजी दरवर्षी पैठणला जातात. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भाभींनी त्यांच्या पिशवीत खजुराचा डबा ठेवला. वाटेत बळ राहते आणि पुढे एकादशीलाही खजूर चालतो. आजींनी डबा घेतला, मग पुन्हा खाली आल्या. हातात भाजलेल्या, सोललेल्या वांग्यांचे झाकलेले भांडे होते.

'उद्या मी नाही,' त्या म्हणाल्या. 'सून भाजते, पण देठापाशी कच्चं ठेवते. पोरीचा पेपर आहे ना?'

होता. जीवशास्त्राचा. मुलीने पहाटे तोर्ता केला, तोही स्वतः, देठाला धरून न मोडता उलटला. एक आपण खाल्ला, एक अब्बांना वाढला आणि अजान होण्याआधी दोन पेले पाणी पिऊन पुस्तक उघडले. वरच्या मजल्यावरचा दिवा त्या दिवशी लागलेला नव्हता. आजी पहिल्या गाडीने पैठणच्या वाटेला लागल्या होत्या.